आरमार कोणाचे, खर्च कोणाचा?

जानेवारी १६७५. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देणाऱ्या पद्मदुर्गाच्या मदतीसाठी दौलतखान आणि दर्यासारंग यांना मोहिमेचा हुकूम झाला होता. पण प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने नेमून दिलेला ऐवज आणि गल्ला पोचवलाच नाही. शिवाजी महाराजांनी त्याला लिहिलेले खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. गनिमाला फितूर झालास की काय, असा सवाल आणि ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, ही तंबी त्यात आहे.

आपण त्या पत्रातला संताप वाचतो आणि खूश होतो. मला त्यातली कारभाराची घडी अधिक मोलाची वाटते. लढायचे आरमाराने, पैसा आणि दाणागोटा पुरवायचा मुलकी सुभेदाराने. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघे एकमेकांवर नजर ठेवून असत, त्याच जातीची ही व्यवस्था. आरमारावरही आरंभी दर्यासारंग आणि मायनाक भंडारी असे दोन सुभेदार होते. या रचनेतली जोखीम उघड आहे: एका सुभेदाराने हात आखडला की गलबते बंदरात अडकली. ती जोखीम महाराजांनी पत्करली आणि धाकाने सांभाळली.

हाच विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१६ च्या सुमारास, नियम होऊन येतो. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा. सगळ्या सुभ्यांवर एकच सरसुभा. खर्च मुलखाच्या वसुलातून लावून द्यायचा, आरमाराच्या स्वतःच्या पैदास्तीवर सोडायचा नाही. कारण तसे केले तर आरमारवाले सावकारांना नागवतील आणि बंदरे ओस पडतील. जहाजांसाठी रयतेचे आंबे-फणस धन्याच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, इथवर पंतांची नजर गेली आहे.

पण हे आज्ञापत्र कोल्हापूरच्या गादीचे. खरे आरमार तेव्हा साताऱ्याच्या बाजूला होते, आणि तेही सरकारचे म्हणून नव्हे. १७१३ मध्ये कान्होजी आंग्र्यांनी साताऱ्याच्या शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. मग बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना शाहूंकडे वळवले. त्या तहात कान्होजींकडे सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, राहिली, किल्ले राहिले आणि त्यांचा मुलूखही. परवाना न घेणाऱ्या जहाजांवरचा वचक तर होताच. म्हणजे हुकूम, वसूल आणि लूट, तिन्ही एकाच घरात. कान्होजी होते तोवर हे उत्तम चालले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परतले.

घरात आलेली गोष्ट पुढे वाटणीला येतेच. कान्होजी १७२९ मध्ये वारले, थोरले सेखोजी १७३३ मध्ये. संभाजी आणि मानाजी भांडू लागले, तेव्हा १७३५ मध्ये बाजीरावांनी तोड काढली: संभाजीला सरखेली आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग, मानाजीला ‘वजारतमाब’ किताब आणि कुलाबा. शेतजमिनीला शोभेल असा हा निवाडा आरमाराला लागू झाला. पाचच वर्षांनी संभाजी कुलाब्यावर चालून गेला आणि मानाजीच्या मदतीला पेशव्यांबरोबर इंग्रजही धावले.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गाखाली संभाजीचा वारस तुळाजी आंग्रे याचे आरमार जाळले, त्याचे खापर नानासाहेब पेशव्यांवर फुटते. ते अन्यायाचे नाही. इंग्रजांना हाताशी धरण्याचा निर्णय त्यांचाच. मात्र तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, कारण जुमानावे असे त्याचे पेशव्यांकडे काही अडतच नव्हते. त्याची तनखा कोणी रोखू शकत नव्हते, त्याला बदलू शकत नव्हते. आरमार मोडण्याखेरीज दुसरा उपाय राज्याने स्वतःसाठी ठेवला नव्हता, आणि ही चूक १७५६ ची नाही, कान्होजींशी झालेल्या तहाची आहे.

विजयदुर्ग परत मिळाल्यावर पेशव्यांनी तिथे सरकारी ‘सुभा आरमार’ उभा केला आणि तो धुळपांकडे दिला. आनंदराव धुळपांनी १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. पण धुळप होते एका सुभ्याचे सुभेदार. आज्ञापत्रातला सरसुभा, सगळ्या मराठी आरमारांवरचा एक अधिकारी, १८१८ पर्यंत कोणी नेमलाच नाही.