लघू सस्तन प्राणी, गोचीड आणि माकडताप : अधिवासाच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

इ.स. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्याच्या परिसरात माकडे मरू लागली व त्याच सुमारास माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) या रोगाचा विषाणू शोधून काढला. अनेक दशके कर्नाटकापुरता मानला गेलेला हा रोग 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, तर 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. लोकांनी त्यास 'माकडताप' हे नाव दिले. परंतु या नावामुळे रोगाच्या प्रसारातील इतर प्राण्यांची भूमिका झाकली जाते. प्रस्तुत लेखात त्या भूमिकेचा आढावा घेतला आहे.

वहनाची प्रक्रिया :

या विषाणूची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनीजेरा ही गोचीड होय. अळी, निंफ व प्रौढ या तिन्ही अवस्थांत ती प्रत्येकी एकदाच, वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त शोषते. अळी व निंफ प्रामुख्याने लहान प्राणी, माकडे व जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांवर, तर प्रौढ गोचीड गुरांसारख्या मोठ्या प्राण्यांवर पोसली जाते. अळीने बाधित प्राण्यापासून घेतलेला विषाणू कात टाकल्यानंतरही तिच्या शरीरात टिकतो व निंफ अवस्थेत दुसऱ्या प्राण्याकडे जातो. माणसाला होणारी बाधा बहुधा या निंफमुळेच होते. माणसाकडून माणसाकडे हा रोग पसरत नाही.

अधिवास व प्राणी :

घनदाट अरण्यात पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर व साळिंदर, अरण्याच्या कडेला व बागायतीत खार व काळा उंदीर, तर घर-शेत परिसरात चिचुंद्री, असे यजमान प्राणी बदलत जातात. या प्राण्यांमध्ये विषाणू अथवा त्याची प्रतिपिंडे आढळली आहेत. माकड आजारी पडून मरते व ते दिसते. लहान प्राण्यांत मात्र विषाणू गाजावाजा न होता टिकून राहतो. म्हणजेच मृत माकड ही रोगाची सुरुवात नसून आधीपासून चालू असलेल्या चक्राची उशिरा मिळालेली सूचना आहे.

मानवी हस्तक्षेप :

अरण्य तोडून शेती व बागा वाढल्या, गुरे रानात चरू लागली आणि प्रौढ गोचिडींना मुबलक रक्त मिळाले. काजू वेचणे, सरपण आणणे, तरवा भाजण्यासाठी पातेरा गोळा करणे ही कामे नेमकी निंफच्या हंगामात येतात. त्यामुळे धोका अरण्याच्या गाभ्यापेक्षा त्याच्या कडेवर अधिक जाणवतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात लाइम रोगाबाबतही असेच दिसून आले आहे : अरण्याचे लहान तुकडे झाले की पांढऱ्या पायाच्या उंदरांचे प्रमाण वाढते व बाधित गोचिडीही वाढतात.

निष्कर्ष :

या रोगाची जुनी लस 2022 पासून वापरात राहिलेली नाही. त्यामुळे गोचीडरोधक तेल, अंगभर कपडे व वेळीच पाहणी यांवरच भिस्त आहे. ही पाहणी मृत माकडांपुरती मर्यादित न ठेवता उंदीर, खार, चिचुंद्री व त्यांच्या अंगावरील गोचिडी यांपर्यंत नेणे आवश्यक आहे. माकडताप हा पश्चिम घाटाचा रोग असला तरी त्यामागील तत्त्व सर्वत्र लागू पडते. टेंभुर्णीसारख्या कोरडवाहू भागातील बांध, गायराने व गोठे हेही स्वतंत्र अधिवासच आहेत. तेथील लहान प्राण्यांची व गोचिडींची हंगामवार नोंद प्राणिशास्त्र व भूगोल विभागांनी एकत्रितपणे ठेवल्यास, रोग येण्यापूर्वीची स्थिती तरी आपल्या हाती राहील.