‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का? जुनी शिडाची बोट घेताना

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. टेबलावर घडा नाही हे आपल्याला कळतं, कारण तो दिसत नाही. पण खोलीत अंधार असेल तर? मग ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ असं म्हणता येत नाही. म्हणून आपल्याकडच्या शास्त्रकारांनी अट घातली, की वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, की आम्ही तिघं मित्र मिळून वापरलेली शिडाची बोट घेतोय, तिथे या अटीचा काही उपयोग आहे का? आहे, आणि इतका आहे की आजचा वेळ आपण त्यालाच देऊ. आम्हां काही निवृत्त मंडळींचा मुंबई बंदरातल्या बोटींशी बऱ्याच वर्षांचा संबंध आहे, तेव्हा हे निव्वळ पुस्तकी बोलणं होणार नाही.

आपण अठ्ठावीस-तीस फुटांची, पंचवीस-तीस वर्षं जुनी फायबरग्लासची बोट डोळ्यांसमोर ठेवू. काचेच्या धाग्यांचं कापड आणि राळ यांचे थर एकावर एक बसवून तिचं अंग तयार होतं. त्यावर जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. खाली पोटाला कील, म्हणजे लोखंडाचा किंवा शिशाचा जड कणा, बोल्टांनी आवळलेला. वर डोलकाठी, आणि तिला ताणून धरणाऱ्या तारा. विकणारा आपल्याला आधी काय दाखवतो? गाद्या, नवे पडदे, चकचकीत रंग. यातल्या कशानंही बोट तरंगत नाही. ज्यावर जीव अवलंबून असतो ते पाण्याखाली, फळ्यांखाली नाहीतर डेकच्या आत दडलेलं असतं.

हे किती गंभीर आहे ते एका घटनेवरून समजून घेऊ. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ नावाची शिडाची बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत येत होती. भर अटलांटिकमध्ये तिची कील सुटली, बोट उलटली आणि चौघांचे जीव गेले. पुढे उलटं झालेलं अंग सापडलं, पण ते बाहेर काढता आलं नाही. त्यामुळे नेमकं कारण ठामपणे सांगता येत नाही. तरी ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेनं एक शक्यता मांडली: बोट पूर्वी काही वेळा तळाला घासली होती, नंतर दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि या सगळ्यानं कीलजवळचं बांधकाम कमकुवत झालं असावं. अशा बोटींत आतून एक फायबरग्लासचा सांगाडा अंगाला चिकटवलेला असतो. तो सुटलाय की नाही हे नुसत्या नजरेनं कळणं अवघड असतं. म्हणजे पाहणारा प्रामाणिकपणे म्हणू शकतो, ‘मी बघितलं, काही दिसलं नाही.’ त्याचं म्हणणं खरंच असतं. फक्त त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग कील बघायची कशी? पहिली गोष्ट, बोट पाण्याबाहेर हवी. मुंबईत बहुतेक शिडाच्या बोटी पावसाळ्यात बाहेर काढतात, तो काळ यासाठी बरा. कील आणि अंग जिथे जुळतात ती रेघ बोटानं चाचपत जायची. पुढच्या टोकाला फट आहे का, गंजाचा ओघळ आहे का, हे बघायचं. आता जरा विचार करू. चालती बोट खडकावर आपटते तेव्हा काय होतं? कीलचा तळ अडकतो आणि बोट पुढे जाऊ पाहते. कील तरफेसारखी काम करते: पुढची कड खाली ओढली जाते आणि मागची कड बोटीच्या पोटात वर घुसू पाहते. म्हणून बाहेरून पुढची कड बघायची आणि आतून, फळ्या उचलून, कीलच्या मागच्या टोकाची जागा. तिथे केसासारखे तडे, नव्यानं फासलेली राळ, एवढाच तुकडा वेगळ्या रंगाचा, असं काही दिसलं की विचारायचं, ‘ही कधी घासली होती?’ ‘कधीच नाही’ असं उत्तर आलं तर त्या तुकड्याचा इतिहास मागायचा. आणि फळ्याच उचलता येत नसतील, आतून पक्क्या बसवलेल्या असतील, तर तिथे खोलीत अंधार आहे असं समजायचं.

आता अंगाकडे येऊ. पाणी वर्षानुवर्षं जेलकोटमधून झिरपतं, आतल्या न मुरलेल्या रसायनांशी संयोग होतो आणि फोड येतात. फोड फोडला तर आत चिकट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी निघतं. फोडताना डोळ्यांना चष्मा लावा, ते दाबाखाली असतं. फोडांची लोकांना फार भीती वाटते; आमच्या मते जरा जास्तच. त्यांनी बोट बुडण्यापेक्षा खिसा रिकामा होण्याची शक्यता मोठी. पण इथे एक छान पेच आहे. फोड सर्वांत चांगले दिसतात ते बोट नुकती वर काढल्यावर. वाळली की ते बसू शकतात. ओलावा मोजण्याचं यंत्र मात्र नुकत्या काढलेल्या बोटीवर जास्तच आकडा दाखवतं. अग्नीवरून धूर ठरवताना ओलं लाकूड ही उपाधी लक्षात घ्यावी लागते, हे आपण पाहिलं होतं. तसंच हे. यंत्राचा काटा चढला, पण तो अंगातल्या पाण्यामुळे, का कालच्या समुद्रामुळे, का मागच्या धातूच्या टाकीमुळे, का रंगातल्या तांब्यामुळे? म्हणून दोनदा जायचं. काढल्या दिवशी डोळ्यांनी बघायला आणि काही आठवड्यांनी यंत्र घेऊन.

डेकसाठी कान वापरायचा. डेक बहुतेक वेळा दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड घालून केलेली असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं. वरून रंग शाबूत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हळूहळू ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजक्या जागी भद्द. आपल्याकडे बाजारात माठ किंवा नारळ घेताना बायका हेच करतात, आणि त्यांना कुणी अनुमानाची व्याख्या शिकवलेली नसते. अनवाणी चाला, टाचेखाली डेक दबत असेल तर ते पायालाही कळतं.

स्टेनलेस स्टीलच्या नावावर जाऊ नका. त्याला चकाकी राहते ती हवेतल्या प्राणवायूमुळे. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या डेकमधून आत जातात. तिथे ओल असते आणि हवा नसते. वरचा इंचभर भाग आरशासारखा आणि डेकच्या आतला भाग कुरतडलेला, असं होऊ शकतं. पट्टी काढून बघितल्याशिवाय तिची खात्री देता येत नाही. तारा १० ते १५ वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. बदलल्याची पावती नसेल तर बदललेल्या नाहीत असं धरून किंमत बोला. तळातल्या पाण्याच्या झडपा थोड्या खरवडून बघा: पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त गेलेलं आहे, आणि ती झडप कधीही हातात येईल. शिडांबद्दल फार बोलत नाही, ती बदलता येतात. इंजिनाबद्दल एकच: पोहोचल्याबरोबर त्यावर हात ठेवा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ते सुरू करून ठेवलंय. थंड असताना ते कसं सुरू होतं हे बघायला पुन्हा या.

एवढं करूनही काही दोष फक्त समुद्रच दाखवतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. ते स्वतः तिला मुंबईहून इंग्लंडपर्यंत घेऊन गेले होते, तेव्हा बोट त्यांच्या चांगल्या ओळखीची. तरी १४ जून १९६८ ला फॉलमथहून जगप्रदक्षिणेला निघाल्यावर, केप व्हर्डे बेटांच्या आसपास, त्यांना पाण्यात उतरून कीलजवळच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासावा लागला. २२ एप्रिल १९६९ ला ते परत आले, न थांबता एकट्यानं जग फिरणारे पहिले. तेव्हा वाऱ्याच्या दिवशी, शिडं पूर्ण ताणून, एक फेरी मारल्याशिवाय सौदा नको. आणि फेरीवरून आल्यावर पुन्हा फळ्या उचलून तळ कोरडा आहे का ते बघायचं.

आता शब्दप्रमाण. विकणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का? वात्स्यायनानं आप्ताचं लक्षण सांगितलंय: ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त, मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ. विकणाऱ्याकडे पहिली गोष्ट भरपूर असते. दुसरीच्या आड किंमत येते. तो लबाडच असतो असं नाही. बरेचजण बोटीवर माया करतात आणि मायेपोटी विसरतात. म्हणून सर्व्हेअर आपला हवा, आपल्या पैशानं नेमलेला. विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेला नको. आम्ही पाहिलेल्या एका व्यवहारात दलालानंच आणलेल्या माणसानं अर्ध्या तासात बोट पास केली होती. आमच्या मित्रानं दुसरा माणूस नेमला. त्यानं एक अख्खा दिवस घेतला आणि सुकाणूच्या आत पाणी साठल्याचं शोधून काढलं.

सर्व्हेअरचा अहवाल हातात आला की बहुतेक लोक दोषांची यादी वाचतात. आम्ही आधी वेगळंच पान काढतो. ‘हे भाग तपासता आले नाहीत’ असं कुठेतरी लिहिलेलं असतं: फळ्यांखालचा अमुक कप्पा, टाकीमागची बाजू, कीलचे बोल्ट. तो अंधाऱ्या खोल्यांचा नकाशा. त्यातली प्रत्येक जागा घेऊन विकणाऱ्याकडे जायचं आणि म्हणायचं, ‘ही उघडू द्याल? खर्च आम्ही करतो.’ हो म्हणाला तर उघडायची. नाही म्हणाला तर तिथे दुरुस्ती लागणारच असं धरून तेवढी रक्कम किमतीतून वजा करायची. ती जागा कीलची असेल, तर मात्र आम्ही पैशांची बोलणीसुद्धा करणार नाही, दुसरी बोट बघू. कागदपत्रांचंही तेच: नोंदणी, आणि बोट बाहेरून आली असेल तर कस्टम ड्युटीची पावती, समोर ठेवल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, आणि बयाण्याच्या कागदावर ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ हे शब्द लिहून घ्यायचे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी विम्याबद्दल विचारत होतं, तिथून सुरुवात करू.