एका चुलीवर किती माणसे?

मुंबईची लोकसंख्या किती, असे विचारले तर कोणी सव्वा कोटी सांगतो, कोणी दोन कोटींच्या आसपास. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मुंबई नेमकी कुठे संपते असे आपण मानतो, त्यावर हे उत्तर ठरते. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख ४२ हजार माणसे मोजली गेली. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर आणि लगतची शहरे धरून होणाऱ्या नागरी समूहाचा आकडा १ कोटी ८४ लाख होता.

आरोग्य विभागाला मात्र एवढ्याने भागत नाही. ही माणसे कोणत्या भागात राहतात, एका घरात कितीजण आहेत, त्यांत म्हातारी किती, तान्ही किती आणि एकटी किती, हे कळल्याशिवाय लशीच्या कुप्या किती मागवायच्या आणि दवाखाना कुठे उघडायचा, हे ठरवता येत नाही. साथ पसरते ती घराघरांतून आणि आजाऱ्याची शुश्रूषा होते तीही घरातच. म्हणून लोकसंख्याशास्त्रात माणसांइतकेच महत्त्व घरांना दिले जाते.

कुटुंब कोणाला म्हणायचे?

जनगणनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी माणसे. त्यांच्यात रक्ताचे नाते असलेच पाहिजे असे नाही. भाड्याची खोली घेऊन एकत्र स्वयंपाक करणारे चार तरुण हे एक कुटुंब धरले जाते. एकाच छताखाली राहून वेगवेगळ्या चुली मांडणारे दोन भाऊ ही दोन कुटुंबे होतात. वसतिगृहे, तुरुंग, वृद्धाश्रम यांची नोंद संस्थात्मक कुटुंब म्हणून वेगळी होते. ज्यांना घरच नाही, त्यांची मोजणी एकाच रात्रीत उरकली जाते. २०११ मध्ये ही रात्र २८ फेब्रुवारीची होती आणि मुंबईत अशी ५७ हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली.

मुंबईच्या बाबतीत ही व्याख्या फार कामाची ठरते, कारण हे शहर एकट्या आलेल्या पुरुषांनी वाढवले. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आणि खानावळीत जेवणारे कामगार बायकामुलांना गावी ठेवून येत. शंभर वर्षांपूर्वी शहरात साधारण दोन पुरुषांमागे एक स्त्री होती. २०११ पर्यंत हे प्रमाण हजार पुरुषांमागे ८५३ स्त्रियांवर आले. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ९१३-९१४ मुली होत्या. हा आकडाही चिंतेचा आहे. पण दोन्ही आकड्यांमधली तफावत मुख्यतः स्थलांतराची आहे. बांधकामावर, कारखान्यांत, हॉटेलांत काम करणारे पुरुष आजही एकटे येतात.

आरोग्याच्या नजरेतून अशा खोल्यांची अडचण मोठी असते. क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिने न चुकता घ्यावा लागतो. खोलीतल्या एकाला खोकला झाला तर बाकीचेही तपासावे लागतात, कारण सरकारी कार्यक्रमात रुग्णासोबत राहणाऱ्यांना प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद आहे. पण सोबत राहणारे दर दोन महिन्यांनी बदलत असतील आणि रुग्ण स्वतः मध्येच गावी जात असेल, तर यादी कोणाची करायची आणि गोळ्या कोणाच्या हातात द्यायच्या?

माणसे उत्तरेला, रुग्णालये दक्षिणेला

आजच्या महापालिका हद्दीचा विचार केला तर १९५१ मध्ये मुंबईत सुमारे ३० लाख लोक होते. त्यांतले २३ लाखांहून अधिक, म्हणजे चारांतले तीन, कुलाबा ते माहीम-शीव या पट्ट्यात, शहर भागात राहत. २०११ मध्ये हे चित्र पूर्ण उलटे झाले. शहर जिल्ह्यात ३० लाख ८५ हजार आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५७ हजार. आता चारांतले तीन उपनगरात आहेत. २००१ ते २०११ या दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, उपनगरांची आठ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत ठाणे शहर १२ लाख ६२ हजारांवरून १८ लाख ४१ हजारांवर गेले.

गिरण्या बंद पडल्या, चाळी पडून टॉवर उभे राहिले, जागांचे भाव परवडेनासे झाले. मुले मोठी झाली, लग्ने झाली आणि नवे संसार डोंबिवली, बदलापूर, विरारकडे थाटले गेले.

मोठी सार्वजनिक रुग्णालये मात्र जुन्या नकाशावरच राहिली. भायखळ्याचे जे. जे. १८४५ चे, मुंबई सेंट्रलजवळचे नायर १९२१ चे, परळचे केईएम १९२६ चे आणि शीवचे रुग्णालय १९४७ चे. चारही शहर जिल्ह्यात. उपनगरांत कूपर, राजावाडी, भाभा, कांदिवलीचे शताब्दी ही पालिका रुग्णालये आहेत आणि कूपरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालयही जोडले गेले. तरीही मेंदूची शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीचे बाळंतपण म्हटले की मालाडचा, गोवंडीचा, पार कर्जतचा माणूसही परळ किंवा शीव गाठतो. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घरापासून रुग्णालयापर्यंतचे अंतर त्यातला किती वेळ खाते, हा प्रश्न तेव्हा जिवाचा होतो.

सरासरीत न दिसणारी घरे

मुंबईत एका कुटुंबात सरासरी साडेचार माणसांच्या आसपास आहेत. आकडा ऐकून कोणाला दाटी वाटणार नाही. पण सरासरी फसवी असते. एका घरात आठ माणसे आणि शेजारच्या घरात एकटी आजी असेल, तरी दोन घरांची सरासरी साडेचारच येते. दोघांच्या गरजा मात्र अगदी वेगळ्या. आठ जणांच्या घरात संसर्गाची भीती, तर आजी न्हाणीघरात पडली तर कोणाला कळायचेही नाही.

दाटी खऱ्या अर्थाने कळते ती खोल्यांवरून. २०११ मध्ये देशातल्या ३७ टक्के कुटुंबांकडे एकच खोली होती. मुंबईत असे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. त्याच जनगणनेत शहरात पावणेपाच लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही त्याकडे लक्ष वेधले होते.

या दाटीचा परिणाम कोविडमध्ये आकड्यांनिशी दिसला. जुलै २०२० मध्ये दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतल्या तीन वॉर्डांत सुमारे सात हजार जणांच्या रक्ताची तपासणी झाली. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर बाहेरच्या इमारतींत १६ टक्क्यांच्या. वॉर्ड तेच आणि विषाणूही तोच. फरक होता तो खोलीतल्या माणसांचा आणि सामायिक शौचालयांचा.

झोपडीतून पक्क्या इमारतीत गेल्याने प्रश्न आपोआप सुटतो असेही नाही. गोवंडी-मानखुर्द पट्ट्यातल्या पुनर्वसन वसाहतींवर ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधलेल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. अशा वसाहतींमध्ये क्षयरोगाचे प्रमाण मोकळ्या वसाहतीपेक्षा जास्त आढळले. क्षयाचे जंतू अंधाऱ्या, कोंदट हवेत टिकतात. खेळती हवा आणि सूर्यप्रकाश त्यांना मारक ठरतो. त्यामुळे एका घरात किती माणसे राहतात, याबरोबरच त्या घराला खिडकी आहे का आणि ती कुठे उघडते, हेही विचारावे लागते.

लहान कुटुंब, म्हातारे घर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. म्हणजे आजच्या प्रमाणाने एका स्त्रीला आयुष्यात सरासरी दोनपेक्षा कमी मुले होतात. लोकसंख्या स्थिर राहायला हा दर २.१ लागतो. साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण राज्यात २०११ मध्येच ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांपेक्षा जास्त.

याचा अर्थ गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत सहज दिसतो. दोन म्हाताऱ्या माणसांचे घर, तिसरा मजला, उद्वाहन नाही, मुलगा कल्याणपलीकडे किंवा परदेशात. रक्तदाबाच्या गोळ्या आणून द्यायला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायला, मोतीबिंदूनंतर डोळ्यांत थेंब घालायला माणूस कोण? आपली आरोग्यव्यवस्था रुग्णासोबत एक नातेवाईक असणार, हे गृहीत धरूनच चालते. केसपेपर काढायला, औषधे आणायला, रात्री खाटेशेजारी बसायला कोणीतरी लागतेच. कुटुंब दोघांवर आले की ते गृहीतक कोलमडते. घरी जाऊन देखभाल करणाऱ्या सेवेची गरज इथे नव्या रुग्णालयाइतकीच तातडीची आहे.

जुन्या आकड्यांचे दुखणे

वर दिलेले बहुतेक आकडे २०११ चे आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे ढकलली गेली. दरम्यान दवाखान्यांचे, लसीकरणाचे, क्षयरोग शोधमोहिमांचे नियोजन जुन्या मोजणीवर किंवा तिच्यावरून काढलेल्या अंदाजांवर चालत राहिले.

आकडा चुकला की काय होते? समजा एका वॉर्डात कागदावर पाच लाख लोक आहेत आणि वर्षात क्षयाचे ५०० रुग्ण सापडले. दर निघाला लाखामागे १००. प्रत्यक्षात तिथे सहा लाख राहत असतील, तर खरा दर ८३ च होतो. तपासणी नीट झाली असे कागद सांगतो आणि न सापडलेले रुग्ण वस्तीत खोकत राहतात. लशींचेही तसेच. ज्यांची गणनाच नाही, त्यांची मुले ‘राहून गेलेल्यां’च्या यादीतसुद्धा येत नाहीत.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष ५० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. २०११ मध्ये मालाडच्या पी उत्तर वॉर्डात ९ लाख ४१ हजार लोक होते, म्हणजे तिथे अठरा-एकोणीस केंद्रे हवीत. दक्षिणेकडच्या बी वॉर्डात होते १ लाख २७ हजार, तिथे दोन-तीन पुरेत. पी उत्तरचे पुढे विभाजन करावे लागले. आज कुठे किती केंद्रे लागतील, ते ताज्या मोजणीनंतरच ठरेल.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. आधी घरांची यादी होते, तीत खोल्या, पाणी, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन यांची नोंद घेतली जाते. मग माणसांची मोजणी. प्रगणक दारात आला की घाईने ‘आम्ही चौघे’ सांगून दार लावण्याचा मोह होतो. त्या वेळी घरात राहून काम करणारी बाई, पोटमाळ्यावर राहणारा भाचा, नुकतेच जन्मलेले बाळ आणि गावाहून कायमची राहायला आलेली आजी यांची नावे आवर्जून सांगायला हवीत. वय अंदाजे न सांगता नीट सांगावे. भाडेकरूंनी आणि खोली वाटून राहणाऱ्यांनी ‘आमची नोंद गावाला होईल’ असे समजून गप्प बसू नये. पुढची काही वर्षे आपल्या गल्लीत आरोग्यसेविका किती, लशी किती आणि दवाखाना किती अंतरावर, याचा हिशेब त्या पाच-दहा मिनिटांच्या उत्तरांवरूनच मांडला जाणार आहे.