सतरा नंबरचा अर्ज आणि इतिहासाचे पुस्तक

शाळा मध्येच सुटलेल्या व्यक्तीला दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत नेणाऱ्या ज्या वाटा महाराष्ट्रात उपलब्ध आहेत, त्यांपैकी सर्वाधिक परिचित वाट ‘सतरा नंबरचा अर्ज’ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेला शाळेत नियमित हजेरी न लावता बसण्यासाठी जो नोंदणी अर्ज भरावा लागतो, त्याचा हा क्रमांक असून, किमान पाचवी उत्तीर्ण झालेल्या आणि वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला या मार्गाने दहावीची परीक्षा देता येते. अशा परीक्षार्थीला ‘खाजगी विद्यार्थी’ म्हणतात. त्याचे नाव एखाद्या शाळेत, म्हणजे त्याच्या संपर्क केंद्रात, नोंदवले जाते. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत विद्यार्थी आपल्या आवडीचे व गरजेचे पाच विषय निवडतो आणि पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधींमध्ये ते पूर्ण करू शकतो. तिचे माध्यमिक प्रमाणपत्र दहावीशी समकक्ष, म्हणजे पुढील शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी दहावीइतक्याच मोलाचे, मानले जाते.

या परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या मनात गणित आणि इंग्रजी यांची धास्ती असते, तर इतिहास-भूगोल हा ‘पाठ केला की सुटतो’ असा विषय समजला जातो. हा समज दोन बाजूंनी घातक आहे. एक तर दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या प्रौढ व्यक्तीची घोकंपट्टीची क्षमता तेरा-चौदा वर्षांच्या मुलाइतकी नसते, त्यामुळे केवळ पाठांतरावर विसंबलेली तयारी परीक्षेच्या दालनात कोसळते. दुसरे असे, की ज्या विषयात प्रौढ विद्यार्थ्याचा जगण्याचा अनुभव सर्वांत जास्त उपयोगी पडू शकतो तोच विषय या समजामुळे त्याला परका वाटू लागतो. सामाजिक शास्त्रे हा पाठांतराचा नसून समजून घेण्याचा विषय आहे, आणि उशिरा शिकणाऱ्यासाठी तर तो सर्वांत जवळचा विषय ठरू शकतो, हे येथे सविस्तर पाहावयाचे आहे.

राज्य मंडळाच्या दहावीत सामाजिक शास्त्रांसाठी एकूण १०० गुण असतात. त्यांपैकी ४० गुण इतिहास व राज्यशास्त्राच्या लेखी परीक्षेला, ४० गुण भूगोलाच्या लेखी परीक्षेला आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाला, म्हणजे शाळेकडून तपासल्या जाणाऱ्या कामाला आहेत. संपर्क केंद्राशी वेळेवर संबंध ठेवण्याचे महत्त्व यातूनच स्पष्ट होते, कारण लेखी परीक्षेची उत्तम तयारी असूनही या कामाकडे दुर्लक्ष झाल्यास हाती येणारे गुण सुटून जातात.

२०१८ पासून वापरात आलेले दहावीचे इतिहासाचे पाठ्यपुस्तक उघडल्यावर अनेक प्रौढ विद्यार्थी गोंधळतात, कारण त्यात राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षित साखळी दिसत नाही. पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते, म्हणजे भूतकाळात काय घडले यापेक्षा ते घडले हे कशावरून सांगता येते, या प्रश्नापासून होते. त्यानंतर उपयोजित इतिहास, म्हणजे इतिहासाच्या ज्ञानाचा वर्तमानात होणारा उपयोग, ही संकल्पना येते आणि पुढे कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन अशी प्रकरणे येतात. वरवर विखुरलेल्या वाटणाऱ्या या प्रकरणांना जोडणारा धागा पुराव्याचा आहे. इतिहासाची साधने लिखित, भौतिक आणि मौखिक अशा तीन प्रकारची असतात: ताम्रपट, पत्रे आणि बखरी ही लिखित साधने; किल्ले, नाणी आणि भांडी ही भौतिक साधने; तर लोककथा, पोवाडे आणि जात्यावरच्या ओव्या ही मौखिक साधने होत. ज्या स्त्रीने आपल्या आजीच्या तोंडून ओव्या ऐकल्या आहेत, तिला मौखिक साधन म्हणजे काय याची व्याख्या पाठ करावी लागत नाही. ऐकलेल्या गोष्टीला शास्त्रात कोणते नाव आहे एवढेच तिला शिकायचे असते.

काश्मीरचा इतिहास सांगणारा ‘राजतरंगिणी’ हा ग्रंथ कल्हणाने बाराव्या शतकात लिहिला, आणि तो लिहिताना शिलालेख, नाणी, जुन्या वास्तूंचे अवशेष, घराण्यांच्या नोंदी आणि स्थानिक परंपरा यांचा आधार घेतला. जमिनीच्या हिश्श्यासाठी सातबारा, फेरफार आणि गावातील वडीलधाऱ्यांच्या आठवणी गोळा कराव्या लागलेल्या शेतकऱ्याला कल्हणाच्या पद्धतीचे मर्म चटकन कळते. कागद काय सांगतो, माणूस काय सांगतो, दोघांत विसंगती असेल तर कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे आणि का, हाच प्रश्न इतिहासकारापुढेही असतो. बखरीचे उदाहरण येथे बोलके आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेली बखर शिवछत्रपतींच्या काळाला जवळची असल्याने मोलाची मानली जाते. मात्र बखर या वाङ्मयप्रकारात शूरवीरांचे गुणगान आणि ऐकीव वृत्तान्त यांची सरमिसळ असू शकते, म्हणून समकालीन पत्रांशी ती ताडून पाहावी लागते. मूळ कागदपत्रांचा असा आग्रह धरणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. हे समजले की राजवाड्यांचे नाव आणि ते वर्ष एका विचाराला बांधले जाऊन आपोआप स्मरणात राहते.

याच पुस्तकात वंचितांच्या इतिहासाचा विचार येतो. समाजाच्या तळाशी असलेल्या लोकांच्या बाजूने भूतकाळाकडे पाहणे, असा त्याचा अर्थ आहे, आणि त्या संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचा १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अभ्यासला जातो. स्त्रियांच्या स्थितीविषयी ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली लिहिलेली ‘स्त्रीपुरुष तुलना’ अशीच महत्त्वाची आहे. लवकर लग्न झाल्यामुळे शाळा सुटलेली एखादी गृहिणी जेव्हा हे वाचते, तेव्हा आपल्यासारख्यांचे जगणेही इतिहासाचा विषय आहे, हा शोध तिला लागतो, आणि तिथून तिचा पुस्तकाकडे पाहण्याचा भाव बदलतो.

एक अडचण मात्र खरी आहे. पाचवी किंवा सातवीनंतर शाळा सुटलेल्या विद्यार्थ्याला कालक्रमाचा पाया मिळालेला नसतो. इंग्रजी राजवट आणि स्वातंत्र्यलढा यांचा अभ्यास आठवीत होतो, १९६० नंतरचा भारत नववीत येतो, आणि दहावीचे पुस्तक हे सारे ठाऊक आहे असे गृहीत धरते. यावर उपाय असा, की दहावीच्या पुस्तकाला हात घालण्यापूर्वी आठवी-नववीची पुस्तके गोष्टीसारखी एकदा वाचून काढावीत; बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यानंतर एका मोठ्या कागदावर उभी रेषा ओढून मोजके टप्पे मांडावेत: १८५७ चा उठाव, १८८५ साली मुंबईत भरलेले राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन, १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन, १९४७ चे स्वातंत्र्य, १९४८ चा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा शेवट, २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेले संविधान, १ मे १९६० रोजी झालेली महाराष्ट्र राज्याची स्थापना आणि १९६१ ची गोवामुक्ती. शेजारी आपल्या घरातील सन लिहावेत, म्हणजे आजोबांचा जन्म, वडिलांचे शहरात येणे, गावात वीज येणे. मराठवाड्यातील कुटुंबात १९४८ च्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्या कागदावर आल्या की देशाचा कालक्रम आणि घराचा कालक्रम एकमेकांना आधार देतात.

राज्यशास्त्रात प्रौढ विद्यार्थी शाळकरी मुलांच्या बराच पुढे असतो, कारण त्याने मतदान केलेले असते, ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत खेपा घातलेल्या असतात. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने ही या भागातील प्रकरणे त्याच्या रोजच्या जगण्याशी भिडतात. मतदाराचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती, पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी आणि त्यांत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी ७३ वी घटनादुरुस्ती, आणि २००५ चा माहितीचा अधिकार यांचे परिणाम त्याने आपल्या गावात पाहिलेले असतात. महाराष्ट्राने पुढे स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांचे हे आरक्षण निम्म्यावर नेले, त्यामुळे गावची सरपंच स्त्री असणे ही आता सर्वपरिचित गोष्ट झाली आहे. तरीही अनुभव हे आपोआप उत्तर होत नाही. ‘आमच्या गावात बाई सरपंच आहे’ हे निरीक्षण झाले. त्यामागे सत्तेचे विकेंद्रीकरण, म्हणजे निर्णयाचे अधिकार एका ठिकाणी न ठेवता खालच्या पातळीपर्यंत वाटून देणे, हे तत्त्व आहे असे सांगितले की ते राज्यशास्त्राचे उत्तर होते.

भूगोलाबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे, की दहावीचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करीत जाते, म्हणून दोन स्तंभ आखून स्थान, हवामान, लोकसंख्या आणि व्यवसाय यांच्या नोंदी समोरासमोर लिहिणे आणि दोन्ही नकाशे हाताने वारंवार भरणे ही या भागाची सर्वांत खात्रीची तयारी होय.

प्रश्नपत्रिकेची रीतही समजून घ्यावी लागते. योग्य पर्याय निवडणे, चुकीची जोडी ओळखणे, संकल्पनाचित्र पूर्ण करणे, टिपा लिहिणे, विधान सकारण स्पष्ट करणे, उतारा वाचून उत्तरे देणे आणि सविस्तर उत्तर लिहिणे असे प्रश्नांचे प्रकार असतात. ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नात विधानाचा अर्थ एका वाक्यात सांगून दोन-तीन स्वतंत्र कारणे द्यावीत आणि एका कारणाला तरी उदाहरणाची जोड द्यावी. अनेक वर्षे लेखणी न धरलेल्या हाताला वेगाने लिहिण्याचा सराव नसतो, म्हणून रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहिणे हे दहा पाने वाचण्याइतकेच आवश्यक आहे.

उशिरा शिकणाऱ्याला या विषयात एक पूर्वसूरीही भेटतो. लहानपणी शाळा सुटून शेतीकामाला लागलेल्या जोतीराव फुले यांनी १८४१ साली पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा प्रवेश घेतला आणि १८४७ मध्ये ते शिक्षण पूर्ण केले. पुढे १८५५ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दिवसा राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी आपल्या घरी रात्रशाळा सुरू केली. ज्यांच्याविषयी परीक्षेत टीप लिहायची, त्यांनीच ही वाट आधी चालून दाखवली आहे. म्हणून ज्यांच्या घरात, शेजारात किंवा कामाच्या ठिकाणी दहावी अर्धवट राहिलेली एखादी व्यक्ती असेल, त्यांनी तिला सतरा नंबरच्या अर्जाची माहिती द्यावी, आठवी ते दहावीची इतिहासाची पुस्तके मिळवून द्यावीत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ तिच्याबरोबर बसून ती वाचावीत.