संदर्भ कळला तर हसू : 'डेडपूल २' आणि लखनौची दास्तान

इतर चित्रपट, नट आणि घटना यांचे उल्लेख करून प्रेक्षकांना हसविणे ही सुपरहिरोंवरील विनोदी चित्रपटांची खूण बनली आहे. भारतात १८ मे २०१८ रोजी प्रदर्शित झालेला 'डेडपूल २' हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि, पराक्रमाच्या लांबलचक मालिकेत अशा विनोदाची पेरणी करण्याची रीत भारताला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात लखनौमध्ये ती ऐन भरात होती.

विनोद घडतो कसा?

'डेडपूल २'मध्ये केबल ही भूमिका जोश ब्रोलिन यांनी केली आहे. त्याआधी जेमतेम तीन आठवडे प्रदर्शित झालेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर'मध्ये तेच थॅनोस हा खलनायक होते. नायक डेडपूल केबलला 'थॅनोस' म्हणून डिवचतो. चित्रपटाच्या अखेरीस तो काळात मागे जातो आणि 'ग्रीन लँटर्न'ची संहिता हाती घेतलेल्या रायन रेनॉल्ड्स यांनाच गोळी घालतो. २०११ मधील त्या अपयशी चित्रपटाचे नायक रेनॉल्ड्स होते आणि डेडपूलही तेच साकारतात.

असा विनोद प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर उभा असतो. ज्याला संदर्भ ठाऊक आहे, त्याला आपण जाणत्यांपैकी असल्याचा आनंद मिळतो. ज्याला ठाऊक नाही, तो शेजारचा का हसला याचा विचार करीत राहतो. भाषा बदलली की ही अडचण वाढते. त्यामुळेच अभिनेता रणवीर सिंग यांचा आवाज लाभलेल्या हिंदी आवृत्तीत संवादांचे केवळ भाषांतर न करता त्यांना हिंदी चित्रपटसृष्टीतील संदर्भांची जोड देण्यात आली.

लखनौचा वारसा

मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत सुरू केलेल्या छापखान्याने अमीर हमजाच्या दास्तानचे ४६ खंड प्रकाशित केले. त्यातील सर्वाधिक गाजलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे प्रकाशन १८८३ मध्ये सुरू झाले. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी, तर पुढचे अहमद हुसेन कमर यांनी लिहिले. आधीच्या दास्तानींचे कथानक पुढे नेणारा हा भाग असल्याने आजच्या भाषेत तो 'सीक्वेल'च म्हणावा लागेल.

हमजा हा वीरनायक, तर त्याचा सखा अमर अय्यार हा वेषांतरात निष्णात असलेला लबाड आणि धनलोभी गडी. त्याच्या झोळीत सारे जग मावते आणि त्याची घोंगडी त्याला अदृश्य करते. नव्या वेषातील अमर जादूगाराला ओळखू येत नाही. आधीच्या करामती ठाऊक असलेल्या श्रोत्याला मात्र त्याची खोडी लगेच कळते. हसू उमटते ते या ओळखीतून.

अब्दुल हलीम शरर यांनी लखनौच्या गतवैभवावरील ग्रंथात दास्तानचे युद्ध, मैफल, प्रेम आणि अय्यारी असे चार भाग सांगितले आहेत. शहराच्या बोलण्यातील 'फबती' आणि 'जिला' यांचीही त्यांनी नोंद घेतली आहे. फबती म्हणजे एखाद्याच्या रूपावर नेमकी बसणारी उपमा. जिला म्हणजे एकाच विषयातील शब्दांवर सलग कोट्या करणे. स्वयंपाकाचा विषय निघाला की फोडणी, मीठ, करपणे असे सारे शब्द दुहेरी अर्थाने खेळविणे.

काय टिकते?

संदर्भ जुने होतात, हा या विनोदाचा मोठा धोका आहे. मराठीत आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहात तत्कालीन कवींची थट्टा केली. त्यातील अनेक मूळ कविता आज फारशा कोणी वाचत नाही. तरीही विडंबने हसवितात, कारण त्यांचा रोख कवीच्या नावापेक्षा कवीपणाच्या आवेशावर आहे.

दास्तानच्या बाबतीतही हेच दिसते. दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली यांचे १९२८ मध्ये निधन झाल्यावर ही कला लोपली. शम्सुर रहमान फारुकी यांच्या मार्गदर्शनाखाली महमूद फारुकी यांनी २००५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले. तेव्हाचे कित्येक शब्द आजच्या श्रोत्याला समजावून द्यावे लागतात. अमरचा लोभ मात्र समजावून द्यावा लागत नाही.

'डेडपूल २'लाही हा निकष लावता येईल. थॅनोस कोण हे विसरले गेले की ती कोटी फिकी पडेल. परंतु मोठ्या थाटात जमविलेले वीरांचे पथक विमानातून उडी घेताच वाऱ्यामुळे भरकटून जवळजवळ संपूर्ण गारद होते, या प्रसंगाला कोणत्याही पूर्वज्ञानाची गरज नाही. बढाईची फजिती कोणत्याही काळातील श्रोत्याला ओळखीची असते.