गोलकीपर उडी का मारतो?

पेनल्टी किकचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत गोलपाशी पोहोचतो. तो पाहून हालचाल करायला वेळच नसतो, म्हणून गोलकीपर अंदाजाने डावी-उजवीकडे झेपावतो. इस्रायलच्या मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २००७ साली २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २९ टक्के चेंडू मधोमध आले होते. गोलकीपर जागेवर थांबले जेमतेम ६ टक्के वेळा. मग थांबत का नाहीत? झेपावूनही गोल झाला तर निदान प्रयत्न केल्याचं समाधान. नुसतं उभं राहून गोल खाल्ला तर लाजच! (प्रेक्षकही शिव्या घालणार, ते वेगळंच.) अर्थात सगळेच थांबू लागले, तर मारणारेही कोपरेच गाठतील. पुढच्या शूटआउटला चेंडूऐवजी गोलकीपरकडे बघा.