आफ्रिकेचा सुवर्णमृग

रामायणातला सुवर्णमृग मायावी होता. सुदान देशाने १९७६ साली काढलेला सुवर्णमृग मात्र खराखुरा! शंभर पौंडांच्या त्या सोन्याच्या नाण्यावर ओरिक्स नावाचे हरीण आहे. तलवारीसारखी बाकदार, मागे झुकलेली लांब शिंगे हे त्याचे वैशिष्ट्य. दुर्दैव असे, की नाणे संग्राहकांच्या कपाटात सुखरूप राहिले आणि हरीण वाळवंटातून नाहीसे झाले.

अशी नाणी निघाली तरी कशी? १९७४ पासून ‘वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड’ या संस्थेच्या सहकार्याने अनेक देशांनी आपापल्या दुर्मीळ प्राण्यांची नाणी काढली. बहुधा दोन चांदीची आणि एक सोन्याचे. ही नाणी बाजारहाटासाठी नव्हती. हौशी लोकांनी ती चढ्या किमतीला घ्यावीत आणि त्यातला काही वाटा प्राण्यांच्या रक्षणासाठी जावा, अशी कल्पना होती. टांझानियाने जिराफ, काळा गेंडा आणि चित्ता निवडला, तर झैरेने, म्हणजे आजच्या कांगोने, पहाडी गोरिला, ओकापी आणि बिबट्या.

पण नाण्यावर चित्र आले म्हणून प्राणी वाचतो का? काळ्या गेंड्याचेच पाहा. १९७० मध्ये आफ्रिकेत सुमारे ६५,००० काळे गेंडे होते. शिंगांसाठी होणाऱ्या चोरट्या शिकारीमुळे १९९५ च्या सुमारास अडीच हजारही उरले नाहीत. कडक पहाऱ्यामुळे आता ही संख्या पुन्हा सहा हजारांवर गेली आहे.

मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या मॉरिशसची कथा अधिक सुखद आहे. तिथल्या पन्नास रुपयांच्या चांदीच्या नाण्यावर केस्ट्रेल हा छोटा ससाणा आहे. जंगलतोड आणि डीडीटीच्या फवारणीमुळे १९७४ साली रानात असे अवघे चार पक्षी माहीत होते! कार्ल जोन्स या शास्त्रज्ञाने घरट्यांतली अंडी आणून उबवली, पिले वाढवली आणि रानात सोडली. मादी पुन्हा अंडी घालते, हे त्यांना ठाऊक होते. आज हे ससाणे काहीशे आहेत.

आणि आपला सुवर्णमृग? २००० साली तो रानातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सुदैवाने प्राणिसंग्रहालयांत त्याचा वंश टिकून होता. २०१६ साली अबुधाबीहून आणलेले ओरिक्स चाड देशाच्या अभयारण्यात सोडण्यात आले. तिथे पाडसे जन्मली आणि २०२३ मध्ये ‘रानातून नामशेष’ हा शिक्का पुसला गेला.

नाण्याने आठवण राहते. जीव वाचतो तो माणसांच्या कष्टांनी. तुमच्या घरी नाणी जमवणारे मूल असेल, तर नाण्याची किंमत सांगण्याआधी त्याला एवढेच विचारा: “यावरचा प्राणी अजून रानात आहे का रे?”